कुणाच्या हातचं रोप

ऑगस्टचा पंधरवडा उलटला तरी आमच्या बेटावर सेंट एलिझाबेथ परगण्याच्या खालच्या अंगाला थेंब पडला नव्हता. लाल मातीचा नुसता भुगा झाला होता. कोंबडी पळाली तरी धुरळा उठायचा आणि तो वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटातल्या भातावर, पापण्यांवर बसायचा. समोर एवढा समुद्र पसरलेला आणि प्यायला घोट नाही. मला तर त्या समुद्राचा रागच यायचा.

शेजारच्या आयोनीनं तोवर दोनदा टोमॅटोचं बी टाकून पाहिलं होतं. पहिली रोपं बोटभर झाली आणि एका दुपारीत करपली. दुसऱ्या खेपेचं बी उगवलंच नाही. कांद्याची पात वाळली, कलिंगडाचं बी मातीतच भाजलं. रोपवाल्याकडे जावं तर त्याच्या वाफ्यात सरडे फिरत होते.

"आता गं?" मी कुंपणावरून विचारलं.

"आता काय? शनिवार काय माझ्यासाठी थांबणारेय?"

शनिवार म्हणजे ऑक्टोबरमधला पहिला शनिवार. त्यांच्या घराण्याची जमीन आहे टेकडीखाली. गुलामी सुटल्यावर खापरपणजोबानं घेतलेली, ना कागद ना वाटण्या. जो पिकवील त्याचा तुकडा. दर वर्षी त्या शनिवारी घराण्यातली सगळ्यात थोरली, इसिल्डाआत्या, काठी टेकत येते. प्रत्येक तुकड्याच्या कडेला उभी राहते आणि सगळ्यांदेखत विचारते, "हे कुणाच्या हातचं?" ज्याचं नाव घेतलं जाईल त्याच्याकडे तुकडा राहतो. तुकडा उघडा असला तर जो मागेल त्याला मिळतो. हा नियम कुणी मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आयोनीचा तुकडा खरं तर तिच्या बापाचा. एग्बर्टकाकानं तो पन्नास वर्षं कसला, आणि त्याच्याच कडेला बायकोला पुरलं. पण गेल्या दोन वर्षांत त्याचे हात असे कापायला लागले की चहा निम्मा बशीत आणि निम्मा मांडीवर. गेल्या वर्षीच्या शनिवारी आत्यानं भावाला सांगून टाकलं होतं, "पुढच्या वर्षी तुझ्या नावावर नाही चालायचं, एग्बर्ट. तुला कुदळ धरवत नाही. पोरीनं स्वतःच्या हातचं पीक दाखवावं, तुकडा तिचा. नाहीतर लॅसेल्स मागतोच आहे."

लॅसेल्स आयोनीचा चुलतभाऊ. त्याच्याकडे पंप, नळ्या, छोटा टेम्पो, सगळं होतं. माणूस वाईट नव्हता. नुसता भरल्या पोटाचा होता.

बी टाकून रोप लावण्याजोगं व्हायला सहा आठवडे जातात, आणि हातात तेवढेच उरले होते. त्यातही बी रुसलेलं. पण आयोनीच्या स्वयंपाकघरामागं भांड्यांच्या पाण्यावर नऊ झाडं जगली होती. चांगली कमरेएवढी, भरपूर बगलफुटी आलेली. देठ आणि पानाच्या बेचक्यातून जी नवी फांदी निघते ना, ती. एरवी आम्ही ती खुडून शेळीला टाकतो.

"हिला मुळं फुटतात," आयोनी म्हणाली. "बाबा करायचे पूर्वी. तीन आठवड्यांत रोप तयार. बियापेक्षा लवकर."

"मग बाबालाच विचार की."

"त्यांना लांबच ठेवायचंय," ती हळूच म्हणाली.

कारण तंबाखू. एग्बर्टकाका पाईप ओढायचा, आणि त्यात आमच्याकडची ती पिळाची तंबाखू, जिला सगळे गाढवदोर म्हणतात. बाजारात हातानं मोजून मिळते, दोरखंडासारखी. आता तंबाखूचा हात टोमॅटोला लागला की पानांवर चट्टे येतात हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि बगलफुटीत रोग गेला की गेला. बियासारखं नाही, आईचं दुखणं जसंच्या तसं अंगात घेऊन येते ती. त्यावर उपाय म्हणजे दुधात हात धुवायचे. मग झाडाला शिवायचं.

पहिल्या सकाळी काका आपणहून आला. जुनी टोपी घातलेली, बाह्या दुमडलेल्या. आयोनीनं दुधाची भुकटी पाण्यात कालवून वाडगा त्याच्यापुढे धरला.

"हात बुडवा, बाबा. पुन्हा एकदा. नखं पण."

तो गुमान बुडवत होता. कापऱ्या हातांनी दूध अंगणात सांडत होतं आणि मांजर ते चाटत होतं. आयोनीनं त्याचे हात पकडून एकेक बोट चोळलं, लहान मुलाचे धुवावेत तसे, आणि वर वास घेऊन पाहिला.

"अजून येतोय वास. राहू द्या. तुम्ही सावलीत बसा."

"मी बोटानं खुडतो, पोरी. सुरी लावू नकोस. बोटानं खुडलेलं लवकर भरून येतं."

"बाबा, बसा म्हटलं ना!"

तो जाऊन बसला. दुधाळ हात मांडीवर उपडे ठेवून, कितीतरी वेळ. मी काय बोलणार? मी शेजारीण.

मग चार दिवस आम्ही दोघी राबलो. हातभर लांबीची फूट, फूल न धरलेली. सुरीनं तिरकी कापायची, खालची पानं काढून शेंड्याची दोनच ठेवायची, आणि निम्मा देठ ओल्या वाळूत. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, एक फुटका टब, जे मिळालं त्यात वाळू भरली. वरून पोती टांगली, कारण पहिला आठवडा ऊन म्हणजे मरण. पाणी टँकरचं, आठवड्यातून एकदा, तेही अर्ध्या मैलावर. डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन चढ चढायचा. आयोनीची मान दुखायची. रात्री उशी नको वाटायची म्हणे. तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात लाल माती कायमची बसली होती.

दोन दिवस सगळ्या फुटी माना टाकून पडल्या. आयोनी दर तासाला पोतं उचलून बघायची.

"सारखी उघडून बघू नकोस गं. भात शिजवतेयस का?" मी म्हणायची.

चौथ्या दिवशी पहाटे फुटींनी शेंडे उचलले. आयोनीनं मला झोपेतून उठवून नेलं. आम्ही दोघी बाया, वयानं पन्नाशीकडे झुकलेल्या, त्या डब्यांपुढे उकिडव्या बसून हसत होतो. दहाव्या दिवशी तिनं एक हळूच ओढून पाहिली. हलली नाही. मुळं धरली होती.

लॅसेल्स टेम्पो थांबवून डोकावला. "काय गं आयोनी, फांद्या रोवून बाग करणार? उद्या झाडू रोव, त्यालाही पालवी फुटेल."

"तू पंप रोव, लॅसेल्स. पाणी फुटतं का बघ."

तोही हसला. त्याच्या विहिरीनं तळ गाठल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चट्टे आले. आधी एका डब्यात. शेंड्याचं पान पिवळं-हिरवं, डाग पडलेलं, आणि कडेनं आखडलेलं. आयोनी म्हणाली, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी चार डब्यांत. तिसऱ्या दिवशी टबातल्या सगळ्या, आणि मागची नऊ झाडंसुद्धा. नवीन पानं अशी चुरमडून आलेली की टोमॅटोची म्हणून ओळखू येईनात. आता काही विचारायचं राहिलं नव्हतं.

त्या दिवशी टँकर आला होता. अख्खं गाव रांगेत उभं. एग्बर्टकाका आपला छोटा डबा घेऊन शेवटी उभा होता, तोंडात पाईप. आयोनी रांग सोडून त्याच्याकडे गेली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं हिसडा दिला.

"हात लावलात ना? मी नसताना हात लावलात ना तुम्ही?"

काकानं पाईप काढला. "मी नाही, पोरी. तुझ्या डब्यांना नाही."

"खोटं बोलू नका! सांगितलं होतं, लांब राहा. विष आहे तुमच्या हातात, विष! तुमच्या हातांपायी गेली माझी जमीन. आता घाला तिला पाईपमध्ये आणि ओढत बसा!"

टँकरवाल्यानं नळ बंद केला. काकाचा डबा हातात कापत होता आणि त्याच्या कडीचा आवाज येत होता, तेवढाच. मग तो वळला आणि रिकामा डबा घेऊन चढ चढू लागला. त्या दिवसापासून तो आयोनीशी एक शब्द बोलला नाही.

आम्ही सगळी रोपं उपटली. एकेका फुटीला पांढरी मुळं आली होती, चांगली बोटभर, दाट. ती बघूनच जीव तुटत होता. ओलं जळेना म्हणून वर नारळाच्या झावळ्या टाकल्या. धूर डोळ्यांत जात होता. आयोनीनं डोळे पुसले नाहीत. सरळ उभी राहून सगळं राख होईपर्यंत बघत राहिली.

चारेक दिवसांनी मी तिच्याकडे मीठ मागायला गेले. ती नव्हती. स्वयंपाकघरापलीकडे पाण्याची टाकी आहे, तिच्यामागून खुडखुड ऐकू आली म्हणून मी डोकावले. काका जमिनीवर बसला होता. समोर डब्याच्या झाकणात दूध. त्यानं हात बुडवले, काढले, पुन्हा बुडवले, नखं एकमेकांवर घासली. मग एका डब्याकडे सरकला आणि एका रोपाचं पिवळं पान दोन बोटांच्या चिमटीत धरून खुडलं. हात इतका कापत होता की आधी दोनदा चिमटी हुकली.

त्याच्यापुढे एकतीस रोपं होती. हिरवीगार, ताठ, एका पानावर डाग नाही.

"काका! ही कुठली?"

तो दचकला. मग टाकीच्या मोरीकडे बोट केलं. तिथं दोन टोमॅटोची झाडं आपसूक उगवली होती, बारकी, वेलासारखी लोंबणारी. आयोनीनं ती कधी मोजलीही नव्हती.

"बोटानं खुडली," तो म्हणाला. "प्यायच्या पाण्यातलं थोडं थोडं घालतो. सांगू नकोस तिला. शनिवारच्या आधी मीच देणार होतो."

"ती एवढं बोलली, आणि तुम्ही तरी..."

"जमीन तिला पाहिजे ना," तो म्हणाला, आणि पुढचं पिवळं पान शोधू लागला.

मी दाराशी येऊन बसले आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकू लागलं. ह्या माणसाच्या हातची रोपं नितळ, आणि आमची दोघींची रोगट. मग मला दिसलं. गेली दोन वर्षं, रोज सकाळी, आयोनी न्याहारी मांडायच्या आधी बापाच्या पाईपसाठी गाढवदोराचे तुकडे करते, कारण त्याला सुरी धरवत नाही. तीच सुरी. झग्याला पुसायची की बगलफुटीला लावायची. आणि दुधानं हात कोण धुवायचं? बाप. हिनं एकदाही धुतले नाहीत, मीही नाही. तंबाखू आपण ओढतच नाही, मग आपले हात स्वच्छ! मी रोज समोर बसून बघत होते आणि माझ्याही टाळक्यात शिरलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही.

आयोनी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. काकानं नको म्हटलं होतं, पण असली गोष्ट पोटात ठेवून मला झोप आली नसती. ती टाकीमागं गेली, रोपं बघितली, परत आली आणि ओट्यावरची सुरी उचलून नाकाशी नेली.

त्या संध्याकाळी तिनं बापाला कसाव्याच्या कंदाची जाड भाकरी, बॅमी, तळून दिली, त्याच्या आवडीचा बांगडा नारळाच्या दुधात केला. म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. सुरी माझीच होती." काका जेवला. ताट सरकवलं. उठून खोलीत गेला.

"आता आणखी काय पाय धरू?" दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली.

"चारचौघांत शेण मारलंस," मी म्हटलं, "आणि बंद दारामागं पुसतेयस. कसं निघेल?"

ती रागावली माझ्यावर. रागावू दे.

दोन दिवसांनी पहाटे रोपं शेतात नेली. आयोनीनं दुधानं कोपरापर्यंत हात धुतले, तरी रोपाला शिवली नाही. तिनं खड्डे खणले, मी कापून वाळवलेलं गवत अंथरलं, आणि रोपं लावली काकानं, गुडघ्यांवर सरकत सरकत, प्रत्येकाच्या बुडाशी माती दाबून. माती दाबताना मात्र त्याचे हात कापत नव्हते. बापलेकीत एका हाताचं अंतर होतं, आणि सगळा वेळ दोघं मुकी. मग रोज दोन वेळा पाणी. आयोनी अंघोळीचं पाणीही रोपांना द्यायची. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायची. त्या मोठ्या लाल तुकड्यात ती एकतीस रोपं बिचारी कोपऱ्यात उभी असल्यासारखी दिसत. पण जगली. शनिवारच्या आदल्या दिवशी दोन-तीन रोपांवर पिवळी कळी धरली.

"आत्यानं विचारलं की सरळ आपलं नाव घे," मी तिला बजावलं. "काकाला तेच पाहिजे. त्यानं ठेवलीच होती तुझ्यासाठी. खोटंही नाही पुरतं. पाणी तूच घातलंयस."

"हो," ती म्हणाली.

"नाहीतर हातचं घालवशील. काकाच्या नावावर राहिलं तर तो असेपर्यंत. नंतर पुन्हा सगळे मागायला मोकळे."

"कळलं गं, डेल्रोज. बहिरी नाही मी."

शनिवारी घराण्यातली तीसेक माणसं जमली. चर्चचे कपडे, डोक्यावर हॅट, पायात धूळ. इसिल्डाआत्या चौऱ्याऐंशीची, पण कणा ताठ. तिनं लॅसेल्सच्या तुकड्यावर "हे कुणाच्या हातचं?" विचारलं, त्यानं छाती पुढं काढून आपलं नाव सांगितलं, ती "हं" म्हणून पुढं सरकली. शेवटी आयोनीचा तुकडा आला.

लॅसेल्स हसला. "एवढ्या जमिनीत एवढीच? आत्या, ह्याला पीक म्हणायचं की सजावट?"

"मुळं धरलेलं एक रोप असलं तरी पीकच," आत्या म्हणाली. "तुझ्या आजोबानं एका रताळ्याच्या वेलावर तुकडा राखलाय. गप बस." मग ती वाकली, काठीच्या टोकानं गवत बाजूला केलं, देठ बघितला. "चांगलं आहे. हे कुणाच्या हातचं?"

आयोनीनं बापाकडे पाहिलं. काका बायकोच्या थडग्याजवळ उभा होता, टोपी हातात, नजर जमिनीला.

"बोल की गं," आत्या म्हणाली. "ऊन लागतंय मला."

"बाबांच्या हातचं," आयोनी म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"काय?"

"बाबांनी खुडली, बाबांनी जगवली, बाबांनीच लावली. माझी सगळी मेली. माझ्याच हातांनी मेली." मान वर करून सगळ्यांकडे बघत बोलली. "टँकरपाशी तुम्ही सगळे होता. मी म्हटलं, ह्यांच्या हातात विष आहे. विष माझ्या सुरीला होतं. तंबाखू मी कापत होते आणि त्याच सुरीनं रोपं. बाबांनी हातसुद्धा लावला नव्हता. ऐकलंत ना तुम्ही सगळ्यांनी तेव्हा? मग हेही ऐका."

आत्या भावाकडे वळली. "हात दाखव, एग्बर्ट."

त्यानं दाखवले. कापत होते. ती ते बघत राहिली.

"मी ह्या हातांना रिटायर केलं होतं," ती म्हणाली. "चुकले. तुकडा एग्बर्टचा. त्याच्यामागं पुन्हा बसू, आणि तेव्हा जो मागेल त्याचं ऐकू. तुझं नाव आज लागत नाही, आयोनी. कळतंय ना?"

"कळतंय, आत्या."

लॅसेल्सनं काकाकडे बघितलं आणि आपली हॅट नीट करून पाय वळवला. माणसं सावलीकडे निघाली. तिथं आल्याचं सरबत होतं, बायका गप्पा सुरू करत होत्या. मला आयोनीचा इतका राग आला होता की तिच्याजवळ जाववेना, आणि तिथून हलवेनाही.

काका हळूहळू ओळीच्या टोकाशी आला. एक डोळा मिटून त्यानं ओळ पाहिली.

"आयोनी," तो म्हणाला.

तिनं मान वळवली.

"खड्डे वाकडे खणलेस. बघ कुठं चाललीय ओळ. मी शिकवलं होतं का असं?"

साडेतीन आठवड्यांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही खोड काढणारा. आयोनी चर्चच्या चांगल्या कपड्यांनिशी तिथंच मातीत बसली आणि भोकाड पसरून रडायला लागली. काका तिच्याशेजारी उभा राहून, पुढच्या वेळी ओळ सरळ यायला दोरी कुठून कुठं धरायची ते तिला सांगत राहिला.